बर्फावरील गोलरक्षक : मुखवट्यापासून खुब्यापर्यंत

हॉकी म्हटली म्हणजे आपल्याकडे हिरवळीवरची हॉकी डोळ्यांपुढें येते. परंतु कॅनडा, रशिया, स्वीडन, फिनलंड अशा थंड देशांत हॉकी म्हणजे बर्फावरचीच हॉकी. आणि तेथें या खेळांतील सर्वांत अवघड जागा कोणती असें विचारलें, तर लहान मूलदेखील गोलरक्षकाकडे बोट दाखवील. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच अशा चौकटीची राखण त्यानें करावयाची असते. तिच्या रोखानें येतो तो चेंडू नव्हे, तर कठीण रबराची तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची चकती. तिला 'पक' म्हणतात. वजन साडेपांच ते सहा औंस, म्हणजे आपल्या जुन्या मापानें सुमारें चौदा तोळे. सामन्यापूर्वीं ती गोठवून ठेवतात, कारण गोठलेली चकती फारशी उसळत नाहीं. मात्र त्यामुळें ती दगडासारखी लागते. कसलेल्या खेळाडूच्या काठीवरून सुटलेली अशी चकती ताशीं शंभर मैलांच्या वेगानें येऊं शकते.

या चकतीपुढें उभ्या राहणाऱ्या माणसाचें शरीर कसें जपावें, हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. त्याचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. एका ठिकाणचें दुखणें बंद केलें कीं तें दुसऱ्या ठिकाणीं जाऊन बसावें, असा कांहींसा प्रकार येथें घडला. पूर्वीं गोलरक्षकाचा चेहरा फुटत असे. आज त्याचा खुबा झिजतो. पहिली इजा सर्वांस दिसत असे, दुसरी कोणासच दिसत नाहीं. आणि दोन्ही वेळीं उपाय हाताशीं असतां त्याची थट्टा करण्यांतच बरीच वर्षें वायां गेलीं.

बंदिस्त मैदानांतील पहिला संघटित सामना ३ मार्च १८७५ रोजीं माँट्रियल येथें झाला. त्या काळचा गोलरक्षक इतर खेळाडूंसारखाच उभा असे व त्याच्या अंगावर निराळें असें कांहीं नसे. १८९६ सालीं विनिपेगचा गोलरक्षक मेरिट हा पायांस क्रिकेटचीं पॅड्स बांधून उतरला, तेव्हां पाहणारांस नवल वाटलें. पुढें सर्वांनींच तीं उचललीं. १९२४ च्या सुमारास हॅमिल्टन शहरांतील केनेस्की नांवाच्या घोड्यांचें सामान शिवणाऱ्या कारागिरानें तीं रुंद करून दिलीं व गोलरक्षकाच्या पायांस खरें चिलखत मिळालें. गोलरक्षकानें चकती अडविण्यासाठीं बर्फावर पडूं नये, असा मात्र आरंभीं सक्त नियम होता. पडला तर त्यास शिक्षा होई. ओटावा संघाचा क्लिंट बेनेडिक्ट हा इतक्या सराईतपणें 'चुकून' गुडघ्यांवर पडे, कीं लोकांनीं त्याचें नांव 'प्रार्थना करणारा बेनी' असें ठेवलें. शेवटीं नॅशनल हॉकी लीगनें, म्हणजे १९१७ सालीं स्थापन झालेल्या त्या प्रमुख व्यावसायिक मंडळानें, जानेवारी १९१८ मध्यें हा नियमच काढून टाकला. बेनीच्या प्रार्थनेस असें फळ आलें. परंतु नियम गेल्यानें एक गोष्ट सहज नजरेआड झाली. माणूस गुडघ्यांवर आला कीं त्याचा चेहराही खालीं येतो, आणि चकतीची वाट खालूनच असते.

हें दुःख पहिल्यांदा भोगण्याची पाळीही बेनेडिक्टवरच आली. जानेवारी १९३० मध्यें हौई मोरेन्झ या नामांकित खेळाडूचा फटका त्याच्या तोंडावर बसला व चेहऱ्याचें हाड मोडलें. कांहीं आठवड्यांनीं तो परतला तो चामड्याचा मुखवटा चढवून. लीगच्या सामन्यांत मुखवटा घालणारा तो पहिला गोलरक्षक. पण त्या मुखवट्याचें नाक इतकें मोठें होतें कीं पायांजवळची चकती त्यास दिसेना. थोड्याच सामन्यांनंतर त्यानें तो टाकून दिला आणि त्याच हंगामांत लीगमधील त्याची कारकीर्द संपली. यानंतर जवळजवळ तीस वर्षें या मंडळाच्या सामन्यांत मुखवटा कायमचा असा कोणी वापरला नाहीं. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें जपानचा गोलरक्षक होन्मा मुखवटा घालून खेळला खरा, परंतु त्याच्याकडे कॅनडांतील कोणी लक्ष देण्याचें कारण नव्हतें.

एवढा काळ कां जावा? मुखवटा बनविणें अवघड होतें असें नव्हे. अडचण होती ती मनाची. मुखवटा घालणारा भित्रा, असा एक ठाम समज होता, आणि संघाचे चालक तो जाणूनबुजून जोपासीत. दुसरें असें कीं पुष्कळ वर्षेंपर्यंत संघाजवळ राखीव गोलरक्षकच नसे. १९२८ सालच्या स्टॅन्ली चषकाच्या अंतिम लढतींत न्यूयॉर्क रेंजर्सच्या गोलरक्षकाचा डोळा जायबंदी झाला, तेव्हां चव्वेचाळीस वर्षांचे त्यांचे व्यवस्थापक लेस्टर पॅट्रिक स्वतः त्याचें सामान अंगावर चढवून उभे राहिले आणि सामना जिंकला. ही कथा तेथें मोठ्या कौतुकानें सांगतात. कौतुक योग्यच आहे. परंतु एका धंदेवाईक संघास आपल्या व्यवस्थापकासच गोलांत उभें करावें लागलें, यांतील लाज त्या कौतुकांत झांकली जाते. गोलरक्षक जखमी झाला तर खेळ थांबे, टांके घातले जात, आणि तोच माणूस पुन्हां उभा राही.

अशा जगांत घडलेल्या माणसांचें शरीर कसें होत असेल, याचें उदाहरण टेरी सॉचक. त्याच्या तोंडावर सुमारें चारशें टांके पडले असें सांगतात. १९६६ सालीं 'लाइफ' मासिकानें रंगभूषाकाराकडून त्याचे सारे जुने व्रण रंगवून घेऊन त्याचें छायाचित्र छापलें, तें पाहून आजही मन चरकतें. तो अतिशय वांकून, नाक जवळजवळ गुडघ्यांशीं नेऊन उभा राही. त्या संवयीनें त्याच्या पाठीच्या कण्यास बांक आला होता. दुसरा ग्लेन हॉल. १९५५ पासून १९६२ पर्यंत त्यानें सलग ५०२ सामने एकही न चुकवितां, आणि तेही मुखवट्याशिवाय खेळले. हा विक्रम शेवटीं मोडला तो पाठीच्या दुखण्यानें, चकतीनें नव्हे. पण याच हॉलला सामन्यापूर्वीं नेमानें ओकारी होत असे. अंगास लागलेल्या माराचे टांके मोजतां येतात. मनावरच्या ताणाचे मोजण्याची तेव्हां कोणास गरज वाटली नाहीं.

मुखवट्याचा खरा इतिहास सुरू होतो तो १ नोव्हेंबर १९५९ च्या रात्रीं, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें. माँट्रियल संघाचा गोलरक्षक झाक प्लांत हा विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होता. त्यास लहानपणापासून दमा. फावल्या वेळीं तो स्वतःच्या लोकरी टोप्या स्वतः विणी. पण त्याच्या विक्षिप्तपणांत विचार असे. १९५७ मध्यें नाकाच्या पोकळींतील दुखण्यावर शस्त्रक्रिया झाल्यापासून तो सरावाच्या वेळीं मुखवटा घाली. सामन्यांत मात्र त्याचा प्रशिक्षक टो ब्लेक घालूं देत नसे. मुखवट्यानें नजर अडेल व तोंड सुरक्षित झालेला गोलरक्षक सुस्त होईल, अशी ब्लेकची समजूत होती. मध्यंतरीं फायबरग्लासच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बिल बर्चमोर या गृहस्थानें प्लांतच्या चेहऱ्याचा साचा घेऊन, कांचेच्या तंतूंचे थर राळेंत बसवून, बरोबर त्याच्या तोंडावर बसेल असा हलका मुखवटा करून दिला होता.

त्या रात्रीं सामना सुरू होऊन कांहीं मिनिटें झालीं न झालीं तोंच अँडी बॅथगेटचा फटका प्लांतच्या तोंडावर बसला. रक्तानें माखलेल्या प्लांतला आंत नेलें, टांके घातले. मग त्यानें ब्लेकला सांगितलें कीं, मुखवटा घालूं द्याल तर जातों, नाहीं तर जात नाहीं. ब्लेकपाशीं दुसरा लायक गोलरक्षक नव्हता. ज्या व्यवस्थेनें गोलरक्षकास इतकीं वर्षें नाडलें होतें, तिनेंच या वेळीं ब्लेकचे हात बांधले. प्लांत मुखवटा घालून बर्फावर आला. माँट्रियलनें सामना ३ विरुद्ध १ असा जिंकला, आणि पुढें किती तरी सामने तो संघ हरलाच नाहीं. मार्च १९६० मध्यें ब्लेकनें पुन्हां एकदां आग्रह धरून मुखवटा काढावयास लावला. त्या सामन्यांत माँट्रियलचा पराभव झाला, मुखवटा परत चढला आणि त्याच वसंत ऋतूंत संघानें ओळीनें पांचवा स्टॅन्ली चषक जिंकला. मुखवट्यामुळें तूं भित्रा ठरत नाहींस काय, असें त्यास विचारीत. त्यावर त्याचें म्हणणें असें कीं, विमानांतून छत्रीशिवाय उडी घेतली म्हणजे मनुष्य शूर ठरतो कीं काय?

दहा वर्षांनीं, १९७० च्या अंतिम लढतींत, उडालेली चकती त्याच्या कपाळावर आदळून तो बेशुद्ध पडला. मुखवटा नसता तर आपण वांचलों नसतों, असें तो पुढें म्हणाला. एप्रिल १९७४ मध्यें लीगचा शेवटचा उघड्या तोंडाचा गोलरक्षक अँडी ब्राउन याचा तेथील अखेरचा सामना झाला आणि ती जात संपली.

तथापि चेहऱ्याला चिकटून बसणाऱ्या या मुखवट्यांत एक दोष होता. आघात पसरे, पण नाहींसा होत नसे. आणि डोळ्यांसाठीं ठेवलेल्या भोंकांतून काठीचें टोंक आंत जाऊं शके. प्लांतजवळ शिकलेला, फिलाडेल्फियास १९७४ व १९७५ सालीं चषक मिळवून देणारा बर्नी परांत, याची कारकीर्द फेब्रुवारी १९७९ मध्यें अशाच रीतीनें संपली. मुखवट्यानें इतरांचे डोळे उघडले, पण त्याचा डोळा मात्र वांचविला नाहीं. टोरांटोचे नेत्रवैद्य डॉक्टर टॉम पॅशबी यांनीं हॉकीमुळें डोळे गमावलेल्या मुलांची मोजदाद करून सुरक्षित साधनांचीं मानकें ठरविण्याचा पाठपुरावा केला. गोलरक्षक डेव्ह ड्रायडन यानें शिरस्त्राण व तारेची जाळी यांचा मिलाफ करण्यांत पुढाकार घेतला. आज जगभर दिसणारा मुखवटा तो हाच. मार्च १९८९ मध्यें बफेलोचा क्लिंट मालार्चक याच्या गळ्याची रक्तवाहिनी दुसऱ्याच्या स्केटच्या पात्यानें चिरली गेली. व्हिएतनामच्या युद्धांत काम केलेल्या संघाच्या शुश्रूषकानें ती बोटांनीं दाबून धरली म्हणून तो वांचला. तेव्हांपासून गळ्याच्या रक्षणाकडे लक्ष गेलें. मालार्चक थोड्याच दिवसांत खेळावयास उभा राहिला. तेथें त्याचें कौतुक झालें; परंतु त्याचें मन पुढें कित्येक वर्षें सावरलें नाहीं, हें त्यानेंच नंतर लिहून ठेवलें आहे.

चेहऱ्याची कथा येथवर. शरीराची दुसरी कथा बर्फापासून दूर, जमिनीवर घडत होती, आणि तिचा आरंभ एका रेडिओ-कार्यक्रमाशीं निगडित आहे. टोरांटोंतील लॉइड पर्सिव्हल हा गृहस्थ १९४० नंतरच्या दशकांत कॅनडाच्या रेडिओवरून 'स्पोर्ट्स कॉलेज' नांवाचा कार्यक्रम करून मुलांस व्यायामाचें शास्त्र शिकवीत असे. १९५१ सालीं त्यानें 'हॉकी हँडबुक' हें पुस्तक लिहिलें. खेळाडूनें काय खावें, जमिनीवर कोणते व्यायाम करावे, अंग कसें सैल करावें, असे विषय त्यांत होते. कॅनडाच्या व्यावसायिक हॉकीनें त्याची टर उडविली. माँट्रियलचा त्या वेळचा प्रशिक्षक डिक अर्व्हिन यानें तर तें तीन वर्षांच्या मुलाच्या बुद्धीचें काम ठरविलें. तेथें रीत अशी कीं खेळाडूनें उन्हाळाभर दुसरा कांहीं धंदा करावा व हंगामापूर्वीच्या शिबिरांत येऊन चरबी झडवावी. गोलरक्षकासाठीं निराळा शिक्षक ठेवण्याची तर कोणास कल्पनाही नव्हती.

पुस्तक रुजलें तें मॉस्कोंत. सोव्हिएट देशांत या हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा १९४६ सालीं सुरू झाली. कृत्रिम बर्फाचीं मैदानें त्या काळीं तेथें दुर्मिळ. बर्फ नाहीं तर जमिनीवर शिकवूं, असें अनातोली तारासोव्ह या प्रशिक्षकानें ठरविलें. त्यानें पर्सिव्हलचें पुस्तक शाळकरी मुलाच्या उत्सुकतेनें वाचल्याचें त्यासच कळविलें होतें. फुटबॉल, वजनें, कसरती, कोलांट्या हें सारें त्याच्या हॉकीच्या शिक्षणांत आलें. व्लादिस्लाव्ह त्रेत्याक हा कोंवळा गोलरक्षक हातीं लागतांच तारासोव्हनें त्यास टेनिसचा चेंडू सदैव जवळ बाळगावयास लावलें. कोठेंही जा, चेंडू उडवावा आणि झेलावा. पोहावयास गेला तरी चेंडू बरोबर. हात व डोळा यांची ही सांगड बर्फावर जितकी साधावी तितकीच, किंबहुना थोडी अधिकच, बर्फाबाहेर साधते. कारण तेथें अंगावर जड पॅड्स नसतात आणि चुकल्यास इजा नसते.

सप्टेंबर १९७२ मध्यें कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू व सोव्हिएट संघ प्रथमच आठ सामन्यांसाठीं समोरासमोर आले. कॅनडाचे पाहणी करणारे लोक त्रेत्याकला एका सराव-सामन्यांत भराभर गोल खातांना पाहून गेले होते. त्याचें लग्न जवळ आलें होतें हें त्यांस कोणी सांगितलें नसावें. माँट्रियलच्या पहिल्या सामन्यापूर्वीं एक अनपेक्षित पाहुणा दुभाष्यासह सोव्हिएट खेळाडूंच्या खोलींत आला. तो झाक प्लांत होता. या वीस वर्षांच्या मुलाची दाणादाण उडणार अशा समजुतीनें, कदाचित् दया येऊन, त्यानें फळ्यावर रेघा ओढून कॅनडाचा कोणता खेळाडू कोठून कसा फटका मारतो हें त्यास समजावून सांगितलें. त्या रात्रीं सोव्हिएट संघानें ७ विरुद्ध ३ असा विजय मिळविला. मालिका शेवटीं कॅनडानें जिंकली, परंतु उन्हाळ्यांतील व्यायामाची थट्टा त्यानंतर कोणी केली नाहीं. १९९० मध्यें शिकागोच्या संघानें गोलरक्षकांचा शिक्षक म्हणून नेमला तो याच त्रेत्याकला.

आतां खुब्याकडे यावयाचें. ग्लेन हॉलनें एक नवी रीत पाडली होती. दोन्ही गुडघे जवळ आणून बर्फावर टेकावयाचे आणि पोटऱ्या दोहों बाजूंस पंखांसारख्या पसरावयाच्या. म्हणून तिला 'फुलपाखरूं' म्हणतात. चौकटीचा खालचा सारा भाग यानें बंद होतो, आणि बहुतेक गोल खालूनच होतात. हॉल स्वतः हें मुखवट्याशिवाय करी, हें खरें. पण सामान्य माणसास तें धैर्य कोठून यावें? मुखवटा सार्वत्रिक झाल्यावरच ही रीत सार्वत्रिक झाली. १९८६ सालीं वीस वर्षांच्या पॅट्रिक रोआनें माँट्रियलला चषक जिंकून दिला. त्याचा शिक्षक फ्रान्स्वा अलेर यानें फुलपाखराचें रीतसर शास्त्रच बनविलें होतें. पुढें पॅड्सही हलकीं झालीं आणि गांवोगांवचीं दहा-बारा वर्षांचीं मुलें दिवसांतून शेंकडों वेळां गुडघ्यांवर पडूं लागलीं.

आणि येथेंच नवें दुखणें सुरू झालें. खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचें वाटोळें डोकें कमरेच्या हाडाच्या वाटींत फिरतें, आणि त्या वाटीच्या काठाला कूर्चेची मऊ कड असते. फुलपाखराच्या बैठकींत मांडी पुढें वांकते व त्याच वेळीं आंतल्या बाजूस जोरानें वळते. हाडाच्या मानेवर थोडा जरी उंचवटा असला, तरी तो दर वेळीं वाटीच्या काठावर घांसतो. कूर्चा फाटते, पुढें सांधाच झिजूं लागतो. वाढीच्या वयांत सतत असा ताण पडला तर हा उंचवटा तयार होण्याचा संभव वाढतो, असें संशोधकांस आढळलें आहे. निष्णात गोलरक्षकांच्या क्ष-किरण चित्रांत तर तो बहुसंख्यांच्या हाडावर दिसतो. पुष्कळ दिवस शिक्षक सांगत कीं, 'ताण आणखी दे, अंग लवचिक कर.' परंतु स्नायु आंखडला असेल तर ताणून उपयोग. हाडच हाडास अडलें असतां ताणणें म्हणजे इजेस आमंत्रणच होय. आपल्याकडेही हट्टानें पद्मासन घालणाऱ्या मंडळींस हा भेद सांगावा लागतो.

मग उपाय काय? तो पुन्हां जमिनीवरच सांपडला. न्यूयॉर्कच्या संशोधकांनीं लीगमधील एका संघाचे खेळाडू तपासून २००१ सालीं दाखवून दिलें कीं, मांडी आंत ओढणाऱ्या स्नायूंचें बळ बाहेर नेणाऱ्या स्नायूंच्या ८० टक्क्यांहून कमी असेल, तर जांघ दुखावण्याचा संभव १७ पट असतो. पुढच्या वर्षीं त्यांनींच अशा दुबळ्या खेळाडूंस हंगामापूर्वीं कांहीं आठवडे व्यायाम देऊन पाहिला. दर हजार सामन्यांमागें ३·२ असलेल्या या इजा ०·७१ वर आल्या. व्यायाम तरी काय? गुडघ्यांत चेंडू धरून दाबणें, एका कुशीवर आडवें होऊन खालचा पाय उचलणें, बाजूस सरकत घेतलेल्या बैठका. यांत महाग यंत्र एकही नाहीं. नॉर्वेच्या फुटबॉलपटूंवर २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर एकच व्यायाम होता : कुशीवर होऊन वरचा पाय सोबत्यानें धरावयाचा आणि मांडीच्या आंतील स्नायूंच्या बळावर अंग उचलावयाचें. एवढ्यानें जांघेच्या तक्रारींचें प्रमाण ४१ टक्क्यांनीं घटलें. हे दोन्ही प्रयोग केवळ गोलरक्षकांवर झालेले नाहींत, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. पण त्यांचें मर्म गोलरक्षकासच सर्वांहून अधिक लागू पडतें. लहान मुलांच्या बाबतींत सल्ला याहूनही साधा आहे. वर्षांतून कांहीं महिने स्केट्स उतरून ठेवाव्या आणि मुलास दुसरे खेळ खेळूं द्यावे. आईबापांस तो पटविणें मात्र फार जड जातें, कारण शेजारचा मुलगा बारा महिने बर्फावर असतो.

ज्यांचा सांधा अगोदरच बिघडला त्यांस शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें. बोस्टनचा टिम टॉमस २०१० सालीं त्या अवस्थेस आला होता. वय छत्तिशीचें, जागा हातची गेलेली. कोलोराडोंतील डॉक्टर मार्क फिलिपॉन यांनीं त्याच्या खुब्यावर शस्त्रक्रिया केली, आणि पुढचा उन्हाळा अर्थातच त्यानें जमिनीवर काढला. नंतरच्या हंगामांत त्यास लीगमधील सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचा मान मिळाला. १५ जून २०११ रोजीं व्हँकुव्हर येथें निर्णायक सामन्यांत, सदतीस वर्षांच्या टॉमसनें ३७ फटके अडविले व एकही गोल होऊं दिला नाहीं. बोस्टनला चषक मिळाला तो एकोणचाळीस वर्षांनीं.